वाट आखावी परतीपासून

सायकलीवरून लांबच्या गावाला जायचे म्हटले, की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोमीटर?" प्रश्न साहजिक आहे. एसटीचे तिकीट किलोमीटरवर ठरते, रिक्षाचे मीटर किलोमीटरवर पळते, गाडीला पेट्रोल किती लागेल तेही किलोमीटरवरूनच कळते. सायकलीचे मात्र तसे नाही. तिचे इंजिन म्हणजे आपण स्वतः. या इंजिनाला चढ कळतो, ऊन कळते, वारा आणि तहान कळते. सकाळच्या गारव्यात सपाट रस्त्यावरचे वीस किलोमीटर गप्पा मारता मारता संपतात, आणि दुपारी दोनच्या उन्हात घाटातले चार किलोमीटर काही केल्या संपत नाहीत.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात पाच-सहा जणांना बरोबर घेऊन पुण्याहून कोकणात सायकलने जातो. आमच्यात कॉलेजातली मुले असतात, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात, कधी एखादी गृहिणी असते. शर्यतीत धावणारे कोणीच नाही. अशा साध्या माणसांच्या प्रवासाची आखणी कशी करावी, ते आज सांगायचे आहे. उदाहरण म्हणून पुणे ते दिवेआगर ही वाट घेऊ. रीत मात्र कोणत्याही शहरातून कोणत्याही खेड्याकडे जाणाऱ्याला लागू पडावी.

पुण्याहून कोकणात उतरायला अनेक घाट आहेत. त्यांतले तीन आपण तपासून पाहू. पहिला खंडाळ्याचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे; जुना रस्ता खुला आहे, पण त्यावर ट्रकांची वर्दळ असते. दुसरा भोरवरून महाडकडे उतरणारा वरंधा घाट. तो देखणा आहे, पण तिथे पोहोचायला सातारा रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांमधून बराच काळ जावे लागते, आणि पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो. तिसरा मुळशीवरून जाणारा ताम्हिणी घाट. चांदणी चौक ओलांडला, की भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, मग घाट उतरून विळे, निजामपूर आणि माणगाव. कोथरूडहून माणगाव साधारण शंभर किलोमीटर. तिथून म्हसळ्यामार्गे दिवेआगर आणखी पन्नास-पंचावन्न. आम्ही हीच वाट धरतो, तीही पावसाळा संपून थंडी पडल्यावर. ताम्हिणीत पाऊस प्रचंड पडतो आणि त्यात रस्त्याचे नुकसानही होते. त्यामुळे निघण्यापूर्वी घाट सुरू आहे ना, याची चौकशी करणे हे आखणीतले पहिले काम.

दुसरे काम नकाशाचे. फोनमधला नकाशा वाट दाखवतो, वळणे सांगतो, पण त्याने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नये. शिवाय घाटात फोनची रेंज जाते-येते. मला अजूनही सर्व्हे ऑफ इंडियाचा कागदी नकाशा लागतो. १:५०,००० प्रमाणाच्या या नकाशात जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर दिसतो. त्यावर तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा असतात, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. लागोपाठच्या दोन रेषांमध्ये सहसा वीस मीटर उंचीचा फरक असतो. आपला रस्ता अशा पाच रेषा ओलांडून वर गेला, की शंभर मीटर चढ झाला. रेषा दाट असतील तिथे उभा चढ, विरळ असतील तिथे सोपा. शाळेत हा धडा कंटाळवाणा वाटलेले लोकसुद्धा स्वतःची सायकल त्या रेषांवरून जाणार म्हटल्यावर कान टवकारतात.

आता या रेषांवरून पुणे-कोकण वाटेचा आडवा छेद काढून पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मुळशी आणि ताम्हिणी त्याहून फार उंच नाहीत. वाटेत पिरंगुटचा छोटा घाट आणि धरणाच्या काठाकाठाने लहानमोठे चढउतार आहेत, एवढेच. पण ताम्हिणी सोडली, की पंधराएक किलोमीटरमध्ये रस्ता जवळजवळ पाचशे मीटर खाली उतरतो. या उताराची किंमत इथल्या माणसांनी वेगळ्याच रीतीने मोजली आहे. टाटांनी मुळशीचे पाणी याच कड्यावरून मोठ्या नळांतून खाली भिऱ्याला सोडले आणि १९२७ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह सुरू केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पां. म. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते तेव्हापासून. जे पाणी पाचशे मीटर खाली पडून जनित्रे फिरवते, तेवढीच उंची आपली सायकल उतरते. जाताना ती फुकट मिळते. येताना मात्र ती आपल्या पायांनी परत करायची असते.

माझ्या आखणीचे सगळे सूत्र इथे आहे. डोंगरगावाला जाणारा माणूस ताज्या दमाने चढतो आणि थकल्यावर उतरतो. पुण्याहून कोकणात जाणाऱ्याचे नेमके उलटे होते. पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात, "अहो, किती सोपे आहे!" आणि खरा घाट उभा राहतो तो शेवटच्या दिवशी, पाय जड झाल्यावर. म्हणून मी कागदावर प्रवास शेवटापासून लिहायला घेतो. आधी परतीचा घाट कोणत्या वारी, किती वाजता आणि कोठून चढायचा ते ठरवतो. मग त्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम, मग त्याच्या आदला दिवस, असे करत करत पुण्यातून निघण्याच्या वेळेपर्यंत येतो.

घाटाला किती वेळ लागेल, याचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. साठ किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल आणि पाच किलो सामान, मिळून ऐंशी किलो. एवढे वजन पाचशे मीटर उचलायला सुमारे ३,९०,००० ज्यूल ऊर्जा लागते. बऱ्या प्रकृतीचा माणूस बराच वेळ पायडल मारताना शंभर वॅटच्या आसपास शक्ती देतो असे धरले, तर नुसत्या उचलण्यालाच ३,९०० सेकंद, म्हणजे पासष्ट मिनिटे लागतात. शंभर मीटरला तेरा मिनिटे झाली. मी हाताशी थोडे राखून पंधरा धरतो. सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटर, आणि वर दर शंभर मीटर चढाला पंधरा मिनिटे जास्त. म्हणजे पंधरा किलोमीटरच्या ताम्हिणीला एक तास अधिक सव्वा तास. थांबणे, पाणी पिणे, फोटो काढणे धरून तीन तास. सायकलला गिअर असले म्हणून ही ऊर्जा कमी होत नाही. गिअरमुळे तीच ऊर्जा लहान लहान हप्त्यांत देता येते, इतकेच. पण हप्त्यांची सोय किती मोलाची असते, हे मध्यमवर्गीयांना वेगळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटात पंधरा वर्षांचा एक मुलगा येणार होता. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याची आई घरी आली. सगळा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "सर, तुमचं गणित बरोबर असेल हो. पण तो मध्येच दमला, नाहीच चढवली त्याला, तर काय करायचं?" मुलाची तब्येत चांगली होती, हौसही दांडगी होती. "नाही दमणार, काळजी करू नका," असे म्हणून तिला वाटेला लावता आले असते. पण दुसऱ्याचे मूल घेऊन घाटात जाणाऱ्याला असे उत्तर देण्याचा अधिकार नसतो. मी तो कागद पुन्हा पुढे ओढला आणि आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक टप्प्यापुढे तोच प्रश्न लिहिला: इथे दमला तर काय?

घाटाच्या टप्प्यापुढचे उत्तर असे निघाले. चढवता आली नाही, तर उतरून सायकल हाताने ढकलायची. माणूस चढावर सायकल ढकलत तासाला साडेतीन-चार किलोमीटर चालतो. पंधरा किलोमीटरला चार-साडेचार तास. सकाळी सव्वासातला घाट धरला, तर तो साडेअकरा-बाराला माथ्यावर पोहोचतो. तिथे थोडी सावली, थोडे खाणे, आणि अंधार पडायला अजून सहा तास. तेव्हापासून मी प्रत्येक बेताला हीच कसोटी लावतो. ज्या दिवशी मोठा चढ आहे, त्या दिवसाचा बेत पायी चढणाऱ्यालाही पुरला पाहिजे. पुरत नसेल, तर तो टप्पा लांब आहे. मधे मुक्काम वाढवावा. सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा नाही, हे मी निघतानाच सर्वांना सांगतो, आणि पहिल्या चढावर मुद्दाम स्वतः उतरून चालतो.

या कसोटीतून आमचे वेळापत्रक तयार झाले ते असे. पहिल्या दिवशी पुण्याहून माणगाव. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हसळ्यामार्गे दिवेआगर. तिसरा दिवस विश्रांतीचा; ज्यांना हौस आहे त्यांनी शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धनला जाऊन यावे. चौथ्या दिवशी दिवेआगरहून माणगाव ओलांडून निजामपूर-विळ्याच्या भागात घाटाच्या पायथ्याशी मुक्काम. पाचव्या दिवशी पहाटे घाट आणि संध्याकाळपर्यंत पुणे. सोमवारी निघायचे आणि शुक्रवारी परतायचे, म्हणजे सुटीच्या दिवशी ताम्हिणीत लोटणारी मोटारींची गर्दी दोन्ही वेळा टळते. शेवटच्या दिवशी एक नियम कडक पाळतो. दुपारी दोनपर्यंत मुळशीला पोहोचलो नाही, तर मुक्काम मुळशीलाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दमलेल्या माणसाने अंधारात पौड रस्त्यावरून शहरात शिरणे मला मान्य नाही.

पायथ्याच्या मुक्कामाला आणखी एक कारण आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. त्यामुळे सकाळचे पहिले दोन-तीन तास घाटरस्त्याचा बराच भाग डोंगराच्याच सावलीत असतो. तोच कडा दुपारनंतर तव्यासारखा तापतो. खालच्या पट्ट्यातली उष्णताही साधी नाही. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर झाली होती. त्या नोंदीच्या अचूकतेबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण डोंगराच्या कुशीतल्या त्या खोलगट भागात उन्हाळ्यात काय होते, हे तिथल्या माणसांना थर्मामीटरने सांगावे लागत नाही. म्हणून फेब्रुवारी सरला, की ही वाट आम्ही बंद करतो.

वाऱ्याचेही असेच वेळापत्रक असते. किनाऱ्याजवळ दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरचा वारा आत येऊ लागतो. दुपारी तो चांगलाच जोर धरतो. दिवेआगरकडे जाताना आपले तोंड पश्चिमेला, म्हणजे हा वारा थेट छातीवर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट वेगाने येणारी हवा चौपट जोराने मागे ढकलते. म्हणून जाताना माणगाव ते दिवेआगर हा टप्पा, वाटेतल्या घोणशाच्या घाटासह, दुपारच्या आत उरकायचा. येताना मात्र जेवून, थोडे पडून निघाले तरी चालते. तोच वारा पाठीवर हात ठेवून ढकलतो.

पाण्याचा हिशेब माणशी तासाला अर्धा ते एक लिटर असा ठेवतो. कोकणात हवा दमट असल्याने घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम जास्त गळतो. पुण्यापासून मुळशीपर्यंत चहाच्या टपऱ्या आहेत. ताम्हिणीला विंझाई देवीचे देऊळ आहे, तिथे घडीभर टेकून सगळ्या बाटल्या पुन्हा मोजायच्या, कारण त्यानंतर विळ्यापर्यंत सोय विरळ. नुसते पाणी पीत राहिल्यानेही माणूस गळून जातो, कारण घामाबरोबर मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे जुलाबावरचे घरगुती औषध इथेही कामी येते. वर लिंबू पिळावे. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी. तर्रीदार मिसळ घाट चढून झाल्यावर.

उताराबद्दल दोन शब्द. चढताना जी ३,९०,००० ज्यूल ऊर्जा लागते, तेवढीच उतरताना मोकळी होते आणि तिला कुठेतरी जावेच लागते. काही हवा खाते, उरलेली ब्रेकचे रबर आणि चाकाची रिम यांत उष्णता होऊन बसते. ब्रेक सतत दाबून धरला, तर रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटावी. म्हणून ब्रेक दोन्ही वापरावेत, दाबावेत आणि सोडावेत, आणि दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन पाहावा. घाट उतरण्याच्या आदल्या आठवड्यात ब्रेकचे रबर नवे टाकून घ्यावे. त्याला फार पैसे पडत नाहीत.

गंमत अशी, की या सगळ्या वाटेत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती घाटाची नव्हे, तर पहिल्या दहा किलोमीटरची. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासाच्या भाड्याने सायकल मिळे आणि माणूस सहज गावाबाहेर पडून परत येई. आज शहरातून सायकलने बाहेर पडणे हाच एक घाट झाला आहे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथली नवी रचना खुली झाली. मोटारींची सोय झाली, पण एकमेकांत मिसळणारे हे रस्ते वेगात जाणाऱ्यांसाठी आहेत. सायकलवाल्याने आपल्याला नेमक्या कोणत्या फाट्याने जायचे, ते आदल्या दिवशी उजेडात जाऊन पाहून यावे. निघण्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून रहदारी जागी होण्यापूर्वी चौक ओलांडावा. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगात उजळ रंगाचा सदरा.

शहर सुटले, की नकाशापेक्षा माणसे उपयोगी पडतात, पण विचारायचे कसे हे ठाऊक हवे. "पुढचं गाव किती लांब?" असे विचारले, तर मोटारसायकलवाला "पाच मिनिटं" म्हणतो आणि ते त्याच्यापुरते खरेही असते. त्याऐवजी "या रस्त्यानं एसटी जाते का?" असे विचारावे. जिथे एसटी नेमाने जाते तिथला रस्ता सहसा डांबरी असतो, चढ आवाक्यातला असतो आणि अडल्यास मदत मिळण्याची शक्यता असते. दूध घालणारा, टपाल वाटणारा आणि एसटीचा चालक या तिघांचा शब्द मी प्रमाण मानतो.

शेवटचा प्रश्न, अगदीच काही झाले तर? माणगावला कोकण रेल्वेचे स्टेशन आहे. तिथे थांबणाऱ्या गाडीत सामानाच्या डब्यासाठी सायकल नोंदवता येते का, याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवावी. ज्या एसटीच्या टपावर कॅरिअर आहे, तिच्यावर सायकल चढते. पौड, मुळशी, विळे, माणगाव, म्हसळा इथे टेम्पो ठरवता येतो. ही पाच नावे आम्ही सुटकेची गावे म्हणून कागदावर लाल शाईने लिहितो. त्यांच्यामधला प्रत्येक टप्पा असा ठेवतो, की जखमी किंवा दमलेला माणूस दिवसाउजेडी त्यांपैकी एका गावात पोहोचलाच पाहिजे.

हा कागद काही मोठा नसतो. एका बाजूला पाच दिवस, दुसऱ्या बाजूला गाव, पोहोचण्याची वेळ, चढ, पाणी आणि "दमल्यास काय" असे रकाने. त्याच्या दोन प्रती करतो. एक माझ्या खिशात असते. दुसरी घरी राहणाऱ्यांकडे. त्या मुलाच्या आईने तिची प्रत स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेखाली टाचून ठेवली होती. मुलगा घाट चढला. शेवटचे चार किलोमीटर चालत चढला. माथ्यावर रेंज आल्यावर त्याने फोन केला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तिने पलीकडून विचारले, "म्हणजे विंझाईच्या देवळापाशी ना?"